हेन्री ऑगस्टस रोलंड: स्क्रू, ग्रेटिंग आणि सूर्याचा वर्णपट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सोडियमच्या दिव्यासमोर ग्रेटिंग (अगदी जवळजवळ, समान अंतरावर रेघा आखलेली आणि प्रकाश रंगांत फोडणारी पट्टी) धरून तरंगलांबी काढलेल्यांची संख्या मोठी आहे. ते ग्रेटिंग इतकं अचूक ज्यांच्यामुळे झालं, त्या प्राध्यापकांची ओळख मात्र थोड्यांनाच असते. विद्यार्थी आणि शिक्षक त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या उपकरणांबद्दल पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. स्क्रूबद्दलचं उत्तर सर्वांत लांब आहे. रोलंड यांच्या कामाचं मर्म त्या स्क्रूतच आहे.

रोलंड कोण होते?

जन्म २७ नोव्हेंबर १८४८, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या होन्सडेल गावी. मृत्यू १६ एप्रिल १९०१, बाल्टिमोर इथे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झालं तेव्हा ते तिथले भौतिकीचे पहिले प्राध्यापक होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. अंतर्वक्र ग्रेटिंग, सूर्याच्या वर्णपटाचा छायाचित्रित नकाशा, फिरत्या विद्युत् प्रभारामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं हे दाखवणारा प्रयोग आणि उष्णतेच्या यांत्रिक तुल्यांकाचं (ठरावीक उष्णता म्हणजे किती यांत्रिक काम, या आकड्याचं) नवं मोजमाप, ही त्यांची चार मोठी कामं. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फिजिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष.

त्यांचं शिक्षण भौतिकीचं होतं का?

नाही, ते पदवीने सिव्हिल इंजिनिअर होते. घराणं धर्मोपदेशकांचं. वडील, आजोबा, पणजोबा तिघंही पाद्री. वडील वारले तेव्हा मुलगा १० वर्षांचा होता. पुढे घरच्यांनी लॅटिन-ग्रीक शिकायला अँडोव्हरच्या शाळेत घातलं, पण तिथे त्यांचं मन रमलं नाही. मग ट्रॉय इथल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमधून १८७० मध्ये त्यांनी पदवी घेतली. वर्षभर रेल्वेच्या सर्वेक्षणाचं काम, नंतर ओहायोतल्या वूस्टर इथे थोडा काळ अध्यापन आणि १८७२ पासून पुन्हा रेन्सेलरमध्ये शिकवणं, असा क्रम.

हे इंजिनिअरिंग पुढे सगळीकडे उपयोगी पडलं. यंत्रात चूक कुठून शिरते आणि ती कशी काढायची, हा विचार त्यांच्या हातात मुरलेला होता.

त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध नाकारला गेला, हे खरं का?

खरं आहे. लोखंड, पोलाद आणि निकेल यांची चुंबकीय पार्यता (पदार्थ किती सहज चुंबकित होतो ते) त्यांनी मोजली होती. नमुना सरळ कांबीचा न घेता कड्याचा घेतला, ही त्यातली खुबी. कांबीच्या दोन टोकांना ध्रुव तयार होतात आणि ते आतलं क्षेत्र बिघडवतात. कड्याला टोकच नसल्यामुळे ती भानगड उरत नाही. कड्यावर एक वेटोळं विद्युत् प्रवाहासाठी आणि दुसरं मापनासाठी. प्रवाह उलटा केला की दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेल्या गॅल्व्हॅनोमीटरची सुई एकदम झेपावते, आणि त्या झेपेवरून चुंबकीय प्रवाह काढायचा. पार्यता स्थिर नसते. क्षेत्र वाढवत गेलं की ती आधी वाढते, मग घसरते, हे त्यांनी निरपेक्ष एककांत दाखवलं.

अमेरिकेतल्या नामांकित विज्ञानपत्रिकेने हा निबंध एकाहून अधिक वेळा परत पाठवला. रोलंड यांनी तो थेट विद्युत्-चुंबकत्वाचा सिद्धांत मांडणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्याकडे धाडला. मॅक्सवेल यांना त्याचं मोल लगेच कळलं आणि त्यांच्यामार्फत १८७३ मध्ये तो इंग्लंडच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. तोवर लेखकाने वयाची पंचविशीही गाठली नव्हती.

जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांची निवड कशी झाली?

नियोजित विद्यापीठाचे अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन १८७५ मध्ये माणसं शोधत फिरत होते. वेस्ट पॉइंट इथे त्यांच्या कानावर या तरुणाचं नाव आलं आणि मॅक्सवेल यांची पत्रं पाहून त्यांनी निर्णय घेतला. विद्यापीठ उघडायला वर्ष बाकी होतं. तेवढ्यात रोलंड यांना युरोपातल्या प्रयोगशाळा पाहायला आणि उपकरणं निवडायला पाठवलं गेलं. त्यामुळे शिकवण्यासोबत संशोधनालाही लागणारी साधनं बाल्टिमोरला पहिल्या दिवसापासून मिळाली. तेव्हाच्या अमेरिकेत हे अपूर्वच होतं.

बर्लिनचा फिरत्या तबकडीचा प्रयोग नेमका काय होता?

त्याच युरोपभेटीत, १८७५–७६ च्या हिवाळ्यात, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत तो झाला. प्रश्न असा होता: तारेतून वाहणारा प्रवाह चुंबकसुई हलवतो, हे ठाऊक होतं. मग प्रभारित वस्तूच उचलून वेगाने फिरवली, तर तीही प्रवाहासारखी वागेल का?

२१ सेंटिमीटर व्यासाची, सोन्याचा मुलामा दिलेली एबोनाइटची (कठीण रबराची) तबकडी उभ्या आसावर सेकंदाला सुमारे ६१ फेरे फिरवली. तिच्यावर प्रभार दिला. जवळ एकमेकींच्या विरुद्ध दिशेला बसवलेल्या दोन सुयांची जोडी टांगली, म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र जवळपास रद्द होतं आणि बारीकसा परिणामही दिसू शकतो. प्रभाराचं चिन्ह बदललं की सुईचं विचलन उलटं होई. मोजलेलं क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या सुमारे ५० हजाराव्या भागाइतकं होतं.

एवढ्या छोट्या परिणामात घोटाळ्याला भरपूर वाव असतो. यंत्राची थरथर, फिरत्या भागातलं लोखंड, सुईवर थेट स्थितिक विद्युत् ओढ, यातलं काहीही फसवू शकतं. म्हणून दिशा आणि चिन्ह दोन्ही आलटून पालटून घेतलेली वाचनं महत्त्वाची. १९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये क्रेम्यू यांना हा परिणाम सापडेना आणि मोठा वाद झाला. रोलंड यांच्याच प्रयोगशाळेतले हॅरॉल्ड पेंडर पॅरिसला गेले, दोघांनी मिळून प्रयोग केला आणि १९०३ मध्ये निकाल रोलंड यांच्या बाजूने लागला. तोवर रोलंड हयात नव्हते.

हॉल परिणामाशी त्यांचा संबंध काय?

एडविन हॉल हे त्यांचे विद्यार्थी. चुंबकाचं बल तारेवर लागतं, आतल्या प्रवाहावर नाही, असं मॅक्सवेल यांच्या ग्रंथात वाचून हॉल यांना शंका आली. त्यांनी गुरूंना विचारलं, तर त्यांनाही तीच शंका होती आणि त्यांनी स्वतः एक प्रयत्न करूनही पाहिला होता. जाड धातूत काही दिसत नव्हतं. काचेवर चिकटवलेला सोन्याचा पातळ वर्ख वापरल्यावर १८७९ मध्ये प्रवाहाला आडवा विद्युत् दाब सापडला. हाच हॉल परिणाम. पातळ वर्खच का? तोच प्रवाह कमी जाडीतून गेला की प्रवाहाची घनता वाढते आणि आडवा दाब जाडीच्या व्यस्त प्रमाणात मोठा होतो. शोध हॉल यांचाच आहे. प्रश्नाची चर्चा, साधनं आणि वर्ख वापरण्याची सूचना रोलंड यांच्याकडची.

उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक जूल यांनी काढलाच होता. मग पुन्हा कशासाठी?

दोन कारणांसाठी. जूल यांच्या प्रयोगात पाण्याचं तापमान तासाला एक अंशही वाढत नसे, त्यामुळे भोवतालच्या हवेशी होणाऱ्या देवघेवीची दुरुस्ती मोठी करावी लागे. रोलंड यांनी इंजिन जोडून पाणी इतक्या जोरात घुसळलं की तापमान तासाला सुमारे ३५ अंश सेल्सिअसने चढे. दुरुस्ती तुलनेने नगण्य झाली. उष्णतामापी पात्र तारेवर टांगलेलं असे. घुसळणारी पाती त्याला जितका पीळ देत, तितका उलटा पीळ वजनं लावून द्यायचा, आणि त्यावरून काम मोजायचं.

दुसरं कारण तापमापी. पाऱ्याचा तापमापी काचेच्या स्वभावाप्रमाणे थोडं चुकीचं सांगतो. रोलंड यांनी आपले तापमापी हवेच्या तापमापीशी ताडून पाहिले आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली: पाण्याची विशिष्ट उष्णता स्थिर नाही. थंड पाण्यापासून सुरुवात केली तर ती सुमारे ३० अंशांपर्यंत कमी होत जाते आणि मग पुन्हा वाढू लागते. म्हणजे ‘एक कॅलरी’ म्हणताना कोणत्या तापमानाची, हे सांगणं भाग आहे.

ग्रेटिंगचा शोध रोलंड यांनी लावला का?

नाही. ग्रेटिंग, म्हणजे विवर्तन जालक, फ्राउनहोफर यांनी १८२० च्या दशकातच वापरलं होतं. रोलंड यांच्या आधी न्यूयॉर्कचे लुईस रदरफर्ड उत्तम ग्रेटिंग्ज बनवत. त्यांच्या चांगल्या पट्ट्यांवर इंचाला १७,२८० रेघा असत. म्हणजे रेघांची दाटी हा रोलंड यांचा विक्रम नव्हे. त्यांनी साधलं ते दुसरंच: रुंद पट्टीवर पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत अंतर सारखं ठेवणं. दाटी वाढवणं सोपं, सारखेपणा राखणं अवघड. आणि वर्णपटाची स्पष्टता सारखेपणावर अवलंबून असते.

तो प्रसिद्ध स्क्रू कसा बनवला?

ग्रेटिंग आखण्याच्या यंत्रात पट्टी एका स्क्रूने पुढे सरकते आणि हिऱ्याचं टोक तिच्यावर रेघ ओढतं. स्क्रूची प्रत्येक चूक पट्टीवर जशीच्या तशी उतरते. रोलंड यांनी आपली पद्धत एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या ९व्या आवृत्तीत ‘स्क्रू’ या नोंदीत उघडपणे लिहून टाकली. तिचा गाभा असा: लेथवर कापलेला स्क्रू कितीही चांगला असला तरी पुरेसा नसतो, शेवटचा अचूकपणा घासूनच येतो.

शेवटी ९ इंच लांबीचा, सव्वा इंचाहून कमी व्यासाचा स्क्रू हवा असेल, तर सुरुवात ३० इंच लांबीच्या मऊ बेसेमर पोलादाच्या दांड्यापासून करायची. ओतीव पोलादात मधेमधे कठीण ठिपके असतात आणि ते सारखे झिजत नाहीत, म्हणून ते नको. मधला सुमारे १२ इंचांचा भाग जाड ठेवून बाकीचा दांडा टर्निंग करून बारीक करायचा. जाड भागावर इंचाला सुमारे २० आटे कापायचे. आटे याहून बारीक करण्याचा मोह टाळायचा, असं ते बजावतात.

आता घासण्याचा नट. लांबी सुमारे ११ इंच, म्हणजे जवळपास स्क्रूइतकीच. तो एकसंध नसतो, चार उभ्या फाकांचा असतो. फाका कड्यांनी आवळता येतात आणि दाब जास्त होऊ नये म्हणून त्यांच्या मध्ये पाचरी असतात. लांब नटमध्येच सगळी युक्ती आहे. स्क्रूचा एखादा भाग जाड, वाकडा किंवा आट्यांचं अंतर चुकलेला असेल, तर लांब आणि ताठ नट तिथे अडकतो आणि तोच भाग घासला जातो. आखूड नट चुकीच्या आट्यामागोमाग मुकाट्याने चालत राहतो आणि चूक तशीच ठेवतो.

घासण्यासाठी एमरी पावडर आणि तेल. स्क्रू पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाण्याचं तापमान एका अंशाच्या आत सांभाळायचं. नटचं वजन स्क्रूवर पडलं तर टोकं जास्त झिजतात, म्हणून छतावरच्या कप्पीवरून वजनं टांगून नट तोलायचा किंवा सगळं काम स्क्रू उभा ठेवून करायचं. नट पुढेमागे फिरवत राहायचं आणि दर १० मिनिटांनी तो काढून उलटा घालायचा, म्हणजे नटची स्वतःची चूकही घासली जाते. हे दोन आठवडे. शेवटाकडे नटचा प्रवास सुमारे २० इंचांवरून १० इंचांवर आणायचा, एमरी अधिक बारीक, धुतलेली घ्यायची आणि लेथचा वेग कमी करायचा, नाहीतर घर्षणाने स्क्रू तापतो. मग दोन्हीकडची खराब टोकं कापून टाकायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा केंद्र साधून धारव्यांच्या (बेअरिंगच्या) जागा टर्न करायच्या. सुरुवातीला लांबी जास्त घेतली होती ती याचसाठी.

स्क्रू अचूक झाला की काम संपलं ना?

नाही. रोलंड यांच्या मते स्क्रू यंत्रात बिनचूक बसवणं हे स्क्रू बनवण्याहूनही कठीण. डोक्याचं दातेरी चाक किंचित केंद्राबाहेर असेल किंवा स्क्रू टेकतो ती धारवा तिरपी असेल, तर प्रत्येक फेऱ्यात पट्टी आधी जरा पुढे आणि मग जरा मागे पडते. याला आवर्ती दोष म्हणतात. पट्टीवर तो डोळ्यांनी दिसत नाही. दिसतो तो वर्णपटात: प्रत्येक ठळक रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर फिकट खोट्या रेषा उभ्या राहतात. त्यांना ‘भुतं’ म्हणतात, आणि आज त्यांचं नावच ‘रोलंड भुतं’ पडलं आहे.

हिशेब करून पाहा. समजा, स्क्रूच्या एका फेऱ्यात ७२० रेघा पडतात आणि दोषाचा झोका रेघांमधल्या अंतराच्या फक्त शंभराव्या भागाइतका आहे. ग्रेटिंग मधल्या सरळ प्रकाशाच्या दोन्ही बाजूंना तोच वर्णपट पुन्हापुन्हा देतं, त्यांना आतून बाहेर पहिला, दुसरा, तिसरा क्रम म्हणतात. पहिल्या क्रमात भुताची तेजस्विता मूळ रेषेच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी येते. तिसऱ्या क्रमात ती नऊपट होते, कारण ती क्रमाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जागाही ठरलेली: तरंगलांबी भागिले ७२०. सोडियमच्या ५८९० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) रेषेसाठी पहिल्या क्रमात सुमारे ८.२ अँगस्ट्रॉम दूर. सोडियमची जोडरेषाच ६ अँगस्ट्रॉम अंतराची असते, हे लक्षात घेतलं की नवख्याला भूत म्हणजे नवी वर्णरेषा का वाटते ते कळतं. ओळखण्याची खूण सोपी आहे: भुतं जोडीने येतात, दोन्हीकडे समान अंतरावर, आणि क्रम वाढला की जास्त उठून दिसतात.

दोष पूर्ण जात नाही, म्हणून रोलंड यांनी त्याच्या उलट दिशेने तेवढाच झोका देणारी दुरुस्तीची रचना यंत्रात बसवली.

एक ग्रेटिंग आखायला किती वेळ लागे आणि काय बिघडे?

पहिल्या यंत्रावर इंचाला १४,४३८ रेघा पडत. ६ इंच रुंदीच्या पट्टीवर ८६ हजारांहून जास्त रेघा होतात. रेघेला सुमारे ५ सेकंद धरले तरी अखंड पाच दिवस आणि पाच रात्री. मध्ये थांबता येत नाही, कारण थांबून पुन्हा सुरू केलेल्या जागी अंतर चुकतं.

सर्वांत मोठा शत्रू तापमान. १५ सेंटिमीटर पोलाद एका अंशाने तापलं तर सुमारे १.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. दोन रेघांमधलं अंतर १.७६ मायक्रॉन. म्हणजे पाच दिवसांत खोली एक अंशाने बदलली, तर स्क्रू जवळजवळ अख्ख्या एका रेघेइतका लांबतो. म्हणूनच यंत्र तळघरात.

दुसरा शत्रू हिरा. त्याचं टोक मध्येच तुटलं किंवा झिजलं तर अर्धी पट्टी एका धाटणीची आणि अर्धी दुसऱ्या. चांगलं टोक सापडेपर्यंत किती तरी हिरे पाहावे लागत. रेघेच्या खाचेचा आकार ज्या बाजूला प्रकाश फेकतो, त्या बाजूचा क्रम तेजस्वी होतो. तो आकार तेव्हा पूर्णपणे हातात नव्हता, त्यामुळे कोणती पट्टी कोणत्या क्रमात उजळ हे ती तयार झाल्यावरच कळे.

पट्टी स्पेक्युलम धातूची: सुमारे दोन भाग तांबं, एक भाग कथील. आपल्या काशातही हेच दोन धातू, पण तिथे कथील साधारण २२ टक्के. कथील वाढलं की रंग पांढरा होतो, आरसा उत्तम होतो आणि धातू काचेसारखा ठिसूळ होतो. पट्ट्या घासून तयार करण्याचं काम पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनीचे जॉन ब्रॅशियर करत, आणि यंत्र चालवण्याची जबाबदारी थिओडोर श्नायडर या कसबी कारागिराकडे होती. या दोघांचं श्रेय अनेकदा विसरलं जातं, ते योग्य नाही.

पट्टी अंतर्वक्र करण्यात काय फायदा?

सपाट ग्रेटिंगला दोन भिंगं लागतात: एक प्रकाश समांतर करायला, एक फोकस करायला. भिंग वेगवेगळे रंग वेगवेगळ्या जागी फोकस करतं आणि काच अतिनील प्रकाश गिळते. १८८२ मध्ये रोलंड यांनी रेघा थेट अंतर्वक्र आरशावर ओढल्या. मग आरसाच फोकस करतो आणि भिंग लागतच नाही.

त्यासोबत एक सुंदर भूमितीही सापडली. पट्टीच्या वक्रता त्रिज्येइतका व्यास असलेलं आणि पट्टीला मध्यावर स्पर्श करणारं वर्तुळ काढा. प्रकाश आत येतो ती अरुंद फट या वर्तुळावर असेल, तर सगळ्या रंगांच्या प्रतिमाही त्याच वर्तुळावर फोकस होतात. हेच रोलंड वर्तुळ. यंत्र पट्टी सरळ रेषेत सरकवतं, त्यामुळे रेघा कमानीवर नव्हे तर जीवेवर समान अंतराने पडतात, आणि फोकससाठी नेमकं तेच हवं असतं.

रोलंड यांची मांडणी उभी करायची तर पायऱ्या कोणत्या?

दोन रूळ काटकोनात. एका रुळावर ग्रेटिंगची गाडी, दुसऱ्यावर कॅमेऱ्याची. दोन्ही गाड्या वक्रता त्रिज्येइतक्या लांब तुळईने जोडलेल्या. फट काटकोनाच्या कोपऱ्यात, कायमची स्थिर, म्हणजे सूर्यप्रकाश आणणारी व्यवस्था हलवावी लागत नाही.

आधी रुळांचा काटकोन ३-४-५ च्या मापाने तपासा. मग कॅमेऱ्याच्या जागी एक छोटा उजेड ठेवा आणि ग्रेटिंग साध्या आरशासारखं वापरून त्याची प्रतिमा स्वतःवरच पडेपर्यंत तुळईची लांबी जुळवा. नंतर फट बरोबर रुळांच्या छेदावर आणा. गाड्या टोकापासून टोकापर्यंत सरकवा. वर्णपट वर-खाली सरकत असेल तर रेघा उभ्या नाहीत, ग्रेटिंग त्याच्याच प्रतलात किंचित फिरवा. सर्वांत शेवटी फट रेघांना समांतर करा, बारीक वर्णरेषा सर्वांत धारदार दिसेपर्यंत. ही शेवटची पायरी टाळली तर बाकी सगळं बरोबर असूनही चित्र धूसर राहतं, कारण अंतर्वक्र ग्रेटिंग एका बिंदूची प्रतिमा उभी रेष म्हणून देतं आणि तिरपी रेष शेजारच्या रेषेवर सांडते.

या मांडणीत फट ते कॅमेरा हे अंतर तरंगलांबीच्या सरळ प्रमाणात असतं. ६.५५ मीटर त्रिज्या आणि इंचाला १४,४३८ रेघा धरल्या, तर सोडियमची पिवळी रेषा पहिल्या क्रमात फटीपासून सुमारे २.१९ मीटरवर आणि दुसऱ्यात ४.३९ मीटरवर येते. तिसऱ्या क्रमात ६.५८ मीटर लागतील, पण तुळईच ६.५५ मीटरची, म्हणून ती तिथे दिसणारच नाही. एका अँगस्ट्रॉमला पहिल्या क्रमात सुमारे ०.३७ मिलिमीटर जागा मिळते. छायाचित्राची काच वर्तुळानुसार वाकवावी लागते. ४० सेंटिमीटर लांबीच्या काचेला मध्यावर सुमारे ६ मिलिमीटर बाक हवा. सरळ काच लावली तर मधला भाग स्पष्ट आणि कडा पुसट येतात.

वेगवेगळे क्रम एकमेकांवर पडतात, त्याचं काय?

पडतात, आणि ठरलेल्या प्रमाणातच पडतात. पहिल्या क्रमातली ६००० अँगस्ट्रॉम, दुसऱ्यातली ३००० आणि तिसऱ्यातली २००० एकाच जागी. नको असलेला क्रम गाळणीने अडवता येतो. साधी काचही खोल अतिनील अडवते. रोलंड यांनी मात्र या अडचणीतूनच फायदा काढला. दोन क्रमांतल्या रेषा शेजारी-शेजारी आल्या की त्यांच्या तरंगलांब्यांचं गुणोत्तर थेट ताडता येतं. एका माहीत असलेल्या रेषेवरून दुसरी, तिच्यावरून तिसरी, अशी साखळी त्यांनी विणली.

सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा किती विश्वासार्ह आहे?

छायाचित्रित नकाशा १८८६ मध्ये आला आणि सुधारलेली आवृत्ती १८८८ मध्ये. पुढे १८९५ ते १८९७ या काळात ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये सुमारे २० हजार रेषांची यादी हप्त्यांनी छापली गेली. मोजणीचं कष्टाचं काम मुख्यतः लुईस ज्युएल यांनी केलं.

रेषांची आपापसातली तुलना फार अचूक आहे, मूळ पाया मात्र सरकलेला आहे. सोडियमची एक रेषा रोलंड यांच्या यादीत ५८९६.१५६ आहे, नंतर स्वीकारलेलं मूल्य सुमारे ५८९५.९३. फरक २६ हजारांत एक भाग. कारण असं की पायाभूत मूल्य ग्रेटिंगवरच्या मोजमापांच्या सरासरीतून घेतलं होतं, आणि ग्रेटिंगचं अंतर मीटरशी ताडण्यात राहिलेली चूक सगळ्या यादीत पसरली. १९०७ मध्ये कॅडमियमच्या तांबड्या रेषेवर नवं प्रमाण ठरलं. जुन्या निबंधात ‘रोलंड मापन’ असं दिसलं तर दृश्य प्रकाशातले आकडे साधारण तेवढ्या प्रमाणात कमी करून वाचा.

आपल्या कॉलेजातल्या ग्रेटिंगवर ‘१५,००० एलपीआय’ (लाइन्स पर इंच, म्हणजे इंचाला रेघा) लिहिलेलं असतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

इंचाला सुमारे १५ हजार ही रोलंड यांच्या यंत्रांच्या काळातलीच माप-परंपरा, आणि इंचही तिथलाच. प्रयोगशाळेतली पट्टी मूळ आखणीची प्लास्टिक-जिलेटिनवर घेतलेली नक्कल असते. अंतर १.६९३ मायक्रॉन. सोडियमसाठी पहिला क्रम सुमारे २०.४ अंशांवर, दुसरा ४४.१ अंशांवर आला पाहिजे. तिसरा येणारच नाही, कारण साइन एकाहून मोठी होते. डावीकडचा आणि उजवीकडचा कोन वेगळा आला तर ग्रेटिंग प्रकाशाला लंब नाही. सोडियमची जोडरेषा पहिल्या क्रमात वेगळी दिसायला सुमारे हजार रेघा उजळलेल्या पुरतात, म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. तरीही दिसत नसेल तर दोष ग्रेटिंगचा नाही. फट रुंद आहे किंवा रेघांना समांतर नाही.

शुद्ध विज्ञानाची बाजू मांडणारं त्यांचं भाषण कोणतं?

१५ ऑगस्ट १८८३, मिनिॲपोलिस. टेलिफोन आणि विजेच्या दिव्यांचं कौतुक शिगेला पोचलेलं असताना त्यांनी सुनावलं, की उपयोजनालाच विज्ञान समजणारा देश मूळ ज्ञानात मागे पडतो. बोलणं कठोर होतं आणि नेमकं होतं. १८९९ मध्ये फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी हाच मुद्दा लावून धरला.

मग शेवटच्या वर्षांत ते तारायंत्राच्या धंद्यात का उतरले?

१८९० मध्ये त्यांचं लग्न झालं आणि त्याच सुमारास मधुमेह असल्याचं कळलं. इन्शुलिन यायला अजून तीस वर्षं होती. आपण फार जगणार नाही हे त्यांना स्पष्ट दिसत होतं आणि मागे पत्नी व तीन मुलं राहणार होती. एका तारेवरून एकाच वेळी आठ संदेश, चार इकडून आणि चार तिकडून, पाठवून छापणारं यंत्र त्यांनी घडवलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. याला ढोंग म्हणणारे भेटतात. आम्हाला ते अन्यायाचं वाटतं. वर्षभरात ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार अस्थी प्रयोगशाळेच्या तळघरात, आखणी यंत्राजवळच्या भिंतीत ठेवल्या गेल्या.

जुन्या प्रयोगशाळेच्या कपाटात स्पेक्युलमचं ग्रेटिंग सापडलं, तर काय करावं?

पृष्ठभागाला बोट लावू नका. कापडाने, कापसाने, भिंगाच्या कागदाने पुसू नका. खाच मायक्रॉनहून उथळ असते आणि एका पुसण्यात पट्टा कायमचा खराब होतो. धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब डाग पाडतात. कडेला धरूनच उचला. धातू ठिसूळ आहे, पडला तर तुटेल. मागच्या बाजूला किंवा कडेवर रेघांची संख्या, त्रिज्या आणि तारीख कोरलेली असू शकते, तिचं छायाचित्र घ्या. पट्टी अंतर्वक्र आहे का हे पाहायला खिडकीची प्रतिमा पांढऱ्या भिंतीवर पाडा. प्रतिमा जिथे स्पष्ट होते त्या अंतराची दुप्पट म्हणजे वक्रता त्रिज्या. नंतर ते कोरड्या, झाकणाच्या पेटीत, पृष्ठभागाला काहीही टेकणार नाही असं ठेवा.